हलव्यात पडलेलं दूध

हन्नाआत्याचं पोट दिल्लीत आलं की बिघडायचं. एरवी ठाण्यात, अलिबागला, नात्यातल्या लग्नाकार्यात ते ठणठणीत असे. पंगतीत पोटभर जेवून वर मलिद्याचे गोड पोहे ओंजळभर खाणारी बाई, असं पप्पाच कौतुकाने सांगायचे. पण मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटचा जिना चढून ती दारात आली, की तिचा हात आपोआप पोटावर जायचा आणि ती पप्पांना म्हणायची, "बेनी, प्रवासाने पोट जरा हे झालंय रे. माझं आपलं केळंच बरं." मग तिच्या पिशवीतून केळी निघायची, खजूर निघायचे, भाजके पोहे निघायचे, आणि सगळ्यात शेवटी एक छोटं पातेलं. त्यात ती स्वतःची दोन अंडी बाल्कनीत स्टोव्हवर स्वतः उकडून घेई. चहा घ्यायची, तोही कोरा. आई तरीसुद्धा दर वेळी तिचं ताट वाढायची आणि दुसऱ्या ताटाने झाकून ठेवायची. रात्री ते तसंच फ्रिजमध्ये जायचं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात. आत्या आली की माझ्या डब्याची चैन असायची. दिल्लीचं पाणीच वाईट असणार, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

पाणी वाईट नव्हतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आणि माझी आई सांगलीची, हिंदू. दोघं दिल्लीत केंद्र सरकारच्या एकाच ऑफिसात नोकरीला होते. तिथे फायलींवरून भांडता भांडता त्यांचं जुळलं आणि दोघांनी रजिस्टर लग्न केलं. पप्पांची आई ते लहान असतानाच गेली होती, त्यामुळे त्यांना हन्नाआत्याने वाढवलं होतं. स्वतःचं लग्न लांबवून वाढवलं. ती लग्नाला आली नाही. भावावाचून तिला राहवतही नसे, म्हणून दोन-तीन वर्षांनी ती गाडीत बसून दिल्लीला यायची, आमच्यासाठी बोंबील सोडून कोकणातलं काय काय आणायची, आम्हा पोरांचे पापे घ्यायची आणि आमच्या घरचं काही म्हणता काही खायची नाही. बोंबील आणायची नाही, कारण त्याला खवलं नसतात अशी तिची ठाम समजूत होती, आणि खवलं नसलेला मासा आमच्यात चालत नाही.

गंमत अशी, की आईचं स्वयंपाकघर आत्याच्या स्वयंपाकघराइतकंच काटेकोर होतं. आईने धर्म बदलला नाही, पप्पांनी कधी म्हटलंही नाही. पण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने त्यांना समोर बसवून विचारलं होतं, "तुमच्यात काय चालतं, काय नाही, ते एकदाच नीट सांगा. मला अर्धवट काही जमत नाही." मटणाबरोबर दूध नाही. एका ताटात नाही, एका भांड्यात नाही, एका जेवणात नाही. दही नाही, लोणी नाही, तूपसुद्धा नाही. तिने दुधाची भांडी एका फळीवर आणि मटणाची दुसऱ्या फळीवर लावली, आणि आम्हा भावंडांपैकी कोणी त्यांची सरमिसळ केली तर ती असा आवाज चढवायची की खालच्या मजल्यावर कळावं. शुक्रवारी संध्याकाळी आमचा विश्रांतीचा दिवस लागायचा, त्यासाठी ती काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून सरबत करायची. त्या पेल्यावर पप्पा आशीर्वाद म्हणायचे, आणि ब्रेडच्या जागी आईच्या गरम चपात्या असायच्या. पप्पांची हिब्रू घाईची होती, कारण चपात्या गार होतील अशी त्यांना भीती.

स्वयंपाक मात्र तिला शिकवणार कोण? आत्या तिच्याशी बोलत नव्हती. पप्पांना करता काही येत नव्हतं, फक्त खाल्लेलं आठवत होतं. तेव्हा माझ्या वडिलांची जीभ हेच आईचं पाठ्यपुस्तक झालं. ती करायची, त्यांच्यापुढे चमचा धरायची, ते डोळे मिटायचे. "अं... जवळ आलीस. पण ताईच्यात शेवटी कोथिंबिरीचा वास यायचा." पुढच्या वेळी कोथिंबीर जास्त. "आता वास आला, पण आंबटपणा पळाला." अशा रीतीने हिरव्या मसाल्याची कोंबडी तिला साधायला माझं सगळं बालपण गेलं. आज मी ती कोंबडी करते तेव्हा मला ती आजीची वाटत नाही, आत्याची वाटत नाही. एका माणसाच्या आठवणीवरून एका बाईने हट्टाने उभी केलेली वाटते, आणि म्हणूनच मला ती फार प्रिय आहे.

सगळ्यात छळलं ते हलव्याने. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, चिकाचा हलवा लागतोच. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळायचे, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तो चीक नारळाच्या दुधात साखर घालून आटवायचा. नारळाच्याच, कारण त्या जेवणात कोंबडी किंवा मटण असतं आणि मग खरं दूध चालत नाही. तासन्‌तास हलवावं लागतं. हात थांबला की गुठळी. हाताला मळ लागावा तसा तो चीक कोपरापर्यंत चिकटायचा. आमच्या शेजारच्या चोप्रा आंटी दर वर्षी दारातून डोकावून म्हणायच्या, "सुमन, इतनी मेहनत? अरे सूजी का बना लो यार, कौन देखता है!" आई म्हणायची, "भाभीजी, ये देखते हैं," आणि पप्पांकडे बोट दाखवायची.

मी नववी-दहावीत असेन, त्या वर्षी ठाण्याहून निरोप आला की आत्या इस्रायलला चालली. कायमची. तिचे दोन्ही मुलगे आधीच तिकडे गेले होते. ठाण्याच्या त्यांच्या गल्लीतली घरं एकेक करून रिकामी होत होती. शेवटचं भेटायला म्हणून ती नव्याच्या सणाला दिल्लीला येणार होती. पप्पा त्या दिवशी ऑफिसातून आल्यावर बूट न काढता खुर्चीत बसून राहिले.

"जायच्या आधी एकदा ताईने माझ्या घरी जेवावं," ते म्हणाले. "बस. दुसरं काही नको मला."

"मी वाढायची कधी थांबलेय?" आई म्हणाली.

पण तिनेही मनावर घेतलं होतं. कपाटं पुसली, भांडी घासून लखलखीत केली. पप्पा सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, येणाऱ्या एका वयस्कर काकांकडे जाऊन आले. दिल्लीत आमच्या पद्धतीने कोंबडी कापता येणारे तेवढेच एक होते. आईने ती मिठात घालून रक्त काढलं, धुतली, पुन्हा धुतली. कोपऱ्यावरच्या मल्याळी दुकानातले सगळे नारळ आमच्याच घरी आले. नारळ कानाशी धरून हलवून बघायचं काम माझं होतं.

आत्या आली, जिना चढली, हात पोटावर गेला. पप्पांनी मान खाली घातली.

सणाच्या दिवशी सकाळी आई गहू पिळायला बसली तेव्हा मात्र आत्या खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी बसली. आत आली नाही. पदर डोक्यावर घेऊन नुसती बघत राहिली. आई वर बघत नव्हती. मी खवणीवर बसले होते आणि दोघींकडे आळीपाळीने बघत होते. आईने चिकावरचं पाणी ओतलं आणि पातेलं गॅसकडे नेऊ लागली, तेव्हा आत्या एकदम म्हणाली, "अजून एक पाणी बदल. आंबूस वास राहतो." आई थबकली. आत्या तिच्याशी थेट बोलली होती. नाहीतर सगळं "बेनी, तिला सांग" असंच चालायचं. आईने मुकाट्याने पाणी बदललं. तिच्या मानेवर घाम आला होता आणि ती हसू दाबत होती, हे मला दिसत होतं. आत्या उठून बाल्कनीत वारा घ्यायला गेली.

दुपारी हलवा गॅसवर चढला. तो चांगला रटरटायला लागला आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं. ज्यांनी त्या काळचं मयूर विहार पाहिलंय त्यांना सांगायला नको. पाणी आलं की माणसं हातातलं बाळसुद्धा शेजाऱ्याकडे देऊन बादल्या घेऊन धावत. आईने चोप्रा आंटींना हाक मारली, त्यांच्या हातात लाकडी पळी दिली, "भाभीजी, बस हिलाते रहना, रुकना मत," आणि आम्ही दोघी खाली टाकीजवळच्या नळावर गेलो. वर घरातल्या नळाला दाब नसायचा. बादल्या, कळशा भरून वर आलो तर चोप्रा आंटी घामाघूम होऊन, पण विजयी चेहऱ्याने हलवत होत्या.

"देख सुमन, कैसा रंग आया है! तेरा नारियल का दूध तो पानी जैसा था यार. मेहमान आई है, पहली बार कुछ खाएगी. मैंने पूरा एक लीटर फुल क्रीम डाल दिया. अभी बूथ से लाई थी."

आईने बादली खाली ठेवली. आंटींचे हात हातात घेऊन तिने "थँक्यू भाभीजी" म्हटलं, त्यांना दारापर्यंत सोडलं, आणि दार लावून तिथेच टेकून उभी राहिली. शेजारच्या शेगडीवर हिरव्या मसाल्यात कोंबडी शिजत होती. दुसरे गहू भिजवायला दिवस नव्हते. आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे दिवेलागणीला सण लागणार होता.

पप्पांना कळलं तेव्हा ते आधी पांढरे पडले. मग त्यांनी बाल्कनीकडे बघून आवाज खाली आणला. "सांगू नकोस. रंग तोच आहे. वेलदोडा जास्त घाल. तिला कळणार नाही."

"आणि कळलं नाही तर?"

"तर जेवेल ती. सुमन, एकदाच. पुन्हा ती येणार नाहीये."

पप्पांचा आवाज इतका रडवेला मी त्याआधी ऐकला नव्हता. आईला त्यांची दया आली असणार, कारण तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण म्हणाली ते वेगळंच. "इतकी वर्षं त्या माझ्या हातचं खात नाहीत, ते मी काहीतरी भलतंच खायला घालीन म्हणूनच ना? मग आज घालू? त्या उपाशी गेल्या तरी चालतील मला. पण त्यांचं खरं ठरवणार नाही मी."

आणि ती हात पुसत बाल्कनीत गेली. मी तिच्या मागे.

"ताई, हलव्यात दूध पडलंय," ती उभ्या उभ्या म्हणाली. "शेजारच्या भाभींनी घातलं. त्यांना माहीत नव्हतं. आता तो कोंबडीबरोबर चालायचा नाही. तुम्ही तसाही खाल्ला असतात की नाही, देव जाणे. पण न सांगता मी तो तुमच्यापुढे ठेवणार नाही."

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग एखादी बाई दुसऱ्या बाईला विचारते तसं साधंच विचारलं, "हलव्याचं पातेलं कुठलं?"

"हलव्याचंच. त्यात कधी मटण गेलेलं नाही."

"पळी?"

"तीही वेगळी."

"कोंबडीचा थेंब उडाला असेल?"

"झाकण होतं. आणि मधे फळी लावलीय."

आत्या उठली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. आमच्या घराच्या स्वयंपाकघरात तिचं पाऊल मी पहिल्यांदा बघितलं. तिने फळ्या बघितल्या, वरची, खालची. हलव्याच्या पातेल्यावर वाकून वास घेतला. मग कोंबडीचं झाकण नीट दाबून बसवलं आणि पप्पांना म्हणाली, "बेनी, हे उचल. गार झालं की फ्रिजात टाक. उद्या खाऊ. आज दुधाचं जेवण."

"ताई, नव्याच्या सणाला... कोंबडीशिवाय?"

"का? ती काय पळून जाणार आहे? आणि तू उभा काय राहिलास, बटाटे काढ."

त्यानंतरचा तासभर मला अजून हसू येतं. दोन बायका एका छोट्या ओट्यावर, एकीची कोपरं दुसरीला लागताहेत, पुऱ्यांचं पीठ कोणी घट्ट भिजवायचं यावर वाद. मधेच चोप्रा आंटी वाटीत काहीतरी घेऊन आल्या, मी मूर्खासारखी त्यांना काय झालं ते सांगून बसले, आणि त्या ओढणी तोंडाला लावून रडायलाच लागल्या. "हाय रब्बा, मैंने सब भ्रष्ट कर दिया!" आत्याने पिठाचे हात घेऊनच त्यांना धरलं आणि आपल्या कोकणी हिंदीत म्हणाली, "अरे, तुम कायको रडती? दूध अच्छा है. मुर्गी कल खायेंगा. तुम भी बैठो इधरच." आंटी बसल्या.

नवं वर्ष गोड जावं म्हणून सफरचंद मधात बुडवून खाऊन झालं, पप्पांची हिब्रू झाली, त्या दिवशी अजिबात घाई न करता. पुऱ्या, बटाट्याची भाजी, साधं वरण. हलव्याची वडी काही धरली नव्हती, दुधाने तो सैल झाला होता, म्हणून आईने वाट्यांतून वाढला. आत्यापुढे वाटी ठेवली आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले.

"मला काय बघताय? जेवा," ती खेकसली. आणि चमचा तोंडात घातला.

पप्पा रडले. लपवलंसुद्धा नाही त्यांनी. आत्याने ती वाटी संपवली, पुढे केली, दुसरी घेतली. आई शेवटी न राहवून म्हणाली, "ताई, पोट बरं आहे ना?"

आत्या हसली नाही. "पोटाला कधी काही झालं नव्हतं, सुमन."

"मग? मी फसवीन असं वाटायचं?"

"नाही गं." आत्या चमच्याने वाटीचा तळ खरवडत होती. "गोड लागेल असं वाटायचं. तुझ्या हातचं गोड लागलं असतं, तर मला तुझ्याशी भांडायला काय उरलं असतं? आई गेली, मुलं तिकडे गेली. हा एक होता, तो तू नेलास. हा तुमचा झाला की माझं माहेर संपलं, असं वाटायचं मला."

"आणि मी इतकी वर्षं वाढून ठेवलेलं?" आईचा आवाज चढला. तिला राग आला होता, आणि तो तिने गिळला नाही. "रोज झाकून ठेवायची. रोज गार व्हायचं. त्याचं काय करू मी?"

"त्याचं आता काही करता येत नाही," आत्या म्हणाली. "जितके दिवस आहे, तितके दिवस वाढ."

आईने वाढलं. दुसऱ्या दिवशीची कोंबडी, मग वांगी, मग सांगलीची भडंगसुद्धा. आत्या आठवडाभर आमच्याकडे राहिली आणि अंगाने भरली. स्टेशनवर निघताना दोघी एकमेकींना मिठी मारून इतक्या रडल्या, की शेजारच्या प्रवाशांनी आम्हाला जागा करून दिली. ती पुन्हा भारतात आली नाही. पैसे जमत नसत, मग गुडघ्यांना जमेना. फोन यायचे, ओरडून बोलावं लागायचं, आणि त्यातला निम्मा वेळ स्वयंपाकाचाच असायचा.

तेव्हापासून आमच्या घरी नव्याच्या सणाला रात्री मटण-कोंबडी शिजत नाही, आणि हलव्यात दूध पडतं. कोणी ठरवलं नाही. पुढच्या वर्षी पप्पांनी कोंबडीचा विषय काढला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "त्या दिवशी ताई जेवल्या होत्या." माझी मुलगी नोएडाला एका टीव्ही चॅनेलमध्ये आहे. तिची पक्की समजूत आहे की हा हजारो वर्षांचा ज्यू नियम आहे, आणि ऑफिसात ती तो मोठ्या विद्वत्तेने समजावूनही सांगते. मी दुरुस्त करत नाही. पप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आत्याही गेली. आई आहे, त्याच फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर. पंच्याऐंशी ओलांडली आहे, दिसतं कमी, ऐकू मात्र हवं ते सगळं येतं.

गेल्या सणाच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. आत्याची नात, यायेल, तिकडेच जन्मलेली. आजीकडून शिकलेलं मोडकंतोडकं मराठी बोलते, आणि अगदी आत्याच्या सुरात. तिच्या मागे गॅसवर मोठं पातेलं दिसत होतं.

"मावशी, एक विचारायचं आहे," ती म्हणाली. आमचं नातं मावशीचं नाही, पण तिला तेवढाच शब्द येतो. "हलव्यात दूध का? इथे सगळे लोक आपले, मुंबईचे, नारळ घालतात. आजीशी भांडायचे. म्हणायचे, हन्ना, तुझं चूक आहे. मी आमच्या रब्बींना, धर्मगुरूंना, विचारलं, त्यांना पण नाही माहीत. आजी काही ऐकायची नाही. चिकन बंद, हलव्यात दूध."

"का ते ती सांगायची?" मी विचारलं.

"सांगायची ना. म्हणायची, माझ्या भावजयीच्या घरी असाच करतात. आणि तेच माझं माहेर."

फोन तसाच हातात धरून मी वळले. आई पलंगावर बसून ऐकत होती. तिने चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला, आणि फोनसाठी हात पुढे केला.

"यायेल, बाळा, मी सुमनआजी बोलतेय," ती म्हणाली. "दूध किती घालतेस ते सांग आधी. अख्खं लिटर ओतू नकोस हां. वडी धरत नाही."